रजेवरचा मावळा

दिवाळी नुकतीच झालेली. रहिमतपूरच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक फौजी आणि त्याची आई. त्याच्या पायाशी ट्रंक.

"आये, क्रांती बापाला साधा टाटा कराय बी आली न्हाई."

"तिचं हात चिखलात हुतं. किल्ला करतीया."

"दिवाळी सरली की! अजून किल्ला?"

"तू मोडलास म्हणून उशीर झाला."

"मी कुठं मोडला? भिंती वाकड्या हुत्या, त्या सरळ केल्या."

"पाच वर्साची पोर ती. दोरी लावून भिंत बांधती व्हय? तू थापी फिरवलीस आन् पोर घुमी झाली, जेवंना का बोलंना. शेवटी मीच तुझी भिंत पाडली आन् चिखल तिच्या म्होरं ठिवला. तवा कुठं तोंड उघाडलं तिनं."

"बरं, पण दारात मी मावळा उभा केल्ता पहाऱ्याला. त्यो कुठाय?"

"आत निजवलाय. गवताची गादी केलीया त्येला."

"पहाऱ्यावरचा मावळा झोपलाय?"

"त्येची रजा हाय म्हणं."

"माझी तर आज संपली."

"ते कळतंय तिला. सकाळी उठली आन् मावळा आत ठिवून किल्ल्याचं दारच लिंपून टाकलं."

"आये, दार तेवढं फोड गं. रडत बसंल ती."

"रडतीया कशाची! गाणं म्हणत लिंपत हुती. मी हात लावायची न्हाई. तू आलास की तीच फोडंल. ऊठ, गाडी लागली."