एकदाच दिसलेला हिमबिबट्या

डोंगराळ भागातल्या नारिन गावच्या दवाखान्यात डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी माणसं खोळंबली होती. आईला घेऊन आलेल्या आयसालकिन नावाच्या मुलीच्या शेजारीच एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याची बायको बसली होती; त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"पुन्हा सांग ना, म्हातारे. कसा होता हिमबिबट्या?"

"किती वेळा सांगू? धुरकट, अंगभर ठिपके."

"जन्मभर त्या कुरणात मेंढ्या राखल्या मी, आणि दिसला तुला!"

"तुम्ही तंबूत घोरत होतात ना!"

"माझ्या नशिबी नुसते ठसे. आणि फाडलेला मेंढा."

"तेव्हा सगळे म्हणत होते, सापळा लावा. तुम्हीच ऐकलं नाहीत."

"ऐकलं असतं तर आता डोंगरातल्या कॅमेऱ्यात कोण आलं असतं? कॅमेरे लावणाऱ्या पोरांनी फोटो दाखवला, पण मला नुसतं धुकं दिसलं गं."

"आज डॉक्टर काढतील ते धुकं."

"नाही निघालं तर? एक डोळा असाच गेला."

"अभद्र बोलू नका."

"बरं, शेपटी सांग."

"अंगाएवढी लांब. ती सावरत कड्यावर चढला, आणि वळून माझ्याकडं पाहिलं त्यानं."

"घाबरलीस?"

"छे! तुम्हाला हाक मारावीशी वाटत होती. पण मारली असती तर पळाला असता."

"मग?"

"मग सावकाश खिंडीकडं निघाला. बर्फात एकेक पाऊल टाकत…"

"असानाकुन आजोबा, चला आत," नर्सनं दारातून हाक मारली.

म्हातारा जागचा हलला नाही.

"थांब जरा, पोरी. तो अजून खिंडीपलीकडं गेला नाही."