बंडूचा रिळावरचा फोटो

मोबाईलवरच्या गोऱ्या चेहऱ्यांवर आता कोणाचा भरवसा राहिलाय? स्थळं बघून बघून थकलेल्या आमच्या बंडूला कनेरगाव नाक्याच्या मुलीकडच्यांनी बजावलंच, "खरा, रिळावरचा फोटो पाठवा."

मी जुना दोन भिंगांचा कॅमेरा काढला. त्यात वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. दोन्ही एकाच पाटीवर. बाजूची गुंडी फिरवली की जोडीनं पुढंमागं सरकतात. वर चेहरा स्पष्ट, म्हणजे खालीही स्पष्ट.

पण आपण उजळ दिसावं म्हणून बंडूनं गुपचूप वरचं भिंग खोलून पुसलं होतं आणि परत बसवताना अर्धवटच पिळलं होतं. जोडी बिघडली. मला वर बंडू स्पष्ट दिसत होता. खालचं भिंग मात्र त्याच्यामागं पडदा म्हणून चादर धरून उभ्या चुलतभावाला न्याहाळत होतं.

फोटोत बंडू पार धुरकट. मी म्हणालो, "परत काढू."

"काहून? तोंडावरचे मुरमाचे खड्डे गेले की समदे! हाच पाठवतो."

आठवड्यानं मुलीच्या वडिलांचा फोन आला. बंडूनं ऐटीत स्पीकर लावला.

"पोरगा पसंत हाय आमाले. चादर धरून उभा हाय, कामाचा दिसून राहिला. फक्त त्याच्या म्होरं धुक्यात ते कोन बसलंय?"