काडेपेटीची स्कूटर

आजोबा : आता डोळे मीट आणि आपली गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, तो कोपरा समोर आण. आला?

नात : आला. तुम्ही मला झोपवताय का?

आजोबा : भर सकाळी? उघड आता. ही काडेपेटी म्हणजे माझी स्कूटर. हा खोडरबर म्हणजे तुझी सायकल.

नात : माझी सायकल एवढी बुटकी नाही हं!

आजोबा : परवाच्या धडकेनंतर झाली. पुढच्या चाकाचा पार आठचा आकडा झालाय.

नात : तुमच्यामुळेच! आईला सांगितलंय मी सगळं.

आजोबा : म्हणून तर माझी किल्ली तिच्या शिवणाच्या डब्यात जाऊन बसली. म्हणाली, “बाबा, आता वय झालं, स्कूटर पुरे.”

नात : मग तुमच्या त्या टेकडीवरच्या मित्राकडे चालत जा ना.

आजोबा : टेकडीवर? त्याला जिना उतरवत नाही, मला टेकडी चढवत नाही. बुद्धिबळाचा डाव अर्धवट पडलाय. माझा उंट परवापासून एका पायावर उभा आहे बिचारा.

नात : उंटाचं काय मधेच!

आजोबा : बरं, राहिलं. तीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या मी. दोघंही छातीठोकपणे सांगायचे, चूक समोरच्याची. मग मी त्यांच्या खुर्च्या बदलायचो. प्रत्येकानं दुसऱ्याची गाडी चालवून दाखवायची. चल, तू आजोबा हो.

नात : (काडेपेटी सरकवत, खाकरून) मी आजोबा. मी स्कूटर चालवतोय. आत्ताच एक गोगलगाय मला मागे टाकून गेली.

आजोबा : हुबेहूब! पुढे?

नात : गल्लीचं तोंड आलं. मी हॉर्न दिला नाही, कारण मी विसरभोळा आहे.

आजोबा : खरंय. लिहून घेतो. पुढे?

नात : मी जवळजवळ पुढे निघून गेलो होतो. तेवढ्यात गल्लीतून एक मुलगी सुसाट आली. एकच हात हँडलवर, मागे वळून मैत्रिणीला टाटा करत...

आजोबा : थांब. आजोबांना हे कसं दिसलं?

नात : म्हणजे?

आजोबा : मी तर समोर बघत होतो. टाटाचं मला आत्ता कळतंय.

नात : पण धडकलात तर तुम्हीच!

आजोबा : स्कूटरचा पत्रा मागच्या चाकाजवळ चेपलाय. पुढे ओरखडासुद्धा नाही.

नात : म्हणजे कोण कुणाला धडकलं, हे तुम्हाला आधीच माहीत होतं?

आजोबा : तेवढं पत्रा सांगतो. का धडकलं, ते नाही सांगत.

नात : मग आईला का नाही सांगितलंत?

आजोबा : स्वतःच्या गाडीची तपासणी स्वतः करायची नाही, असा आमच्या ऑफिसचा नियम.

नात : तुम्ही रिटायर होऊन किती वर्षं झाली!

आजोबा : मी झालो. नियम कुठे झालाय?

नात : पण हॉर्न तुम्ही दिलाच नव्हता.

आजोबा : नव्हता. तेवढी चूक माझ्या नावावर. बाकीची?

नात : ...खोडरबराच्या.

आजोबा : अगं, कुठे निघालीस? काडेपेटी तरी ठेव!

नात : आई, शिवण जरा बाजूला ठेव. ही काडेपेटी म्हणजे आजोबांची स्कूटर. आणि हा खोडरबर... हा मागे बघत होता. म्हणजे मी.