आमच्यामधली पट्टी

दोन हजार सोळाचा उन्हाळा, बाई, मे महिन्याची अखेर — लिहायचंच असेल तर तिथून लिहा, परवाच्या वादळापासून नको. आणि त्या स्टुलावर बसू नका, पाय हलतो त्याचा. सुताराच्याच कारखान्यात स्टूल हलतं, हसा. इकडे बसा, फळ्यांवर. वर काय बघता? छप्पर नाही, दिसतंय मला. पण तुमच्या पंचनाम्यात ‘वादळाने उडाले’ असं लिहू नका. उडालं नाही. मी उतरवलं. काल सकाळी, या हातांनी, एकेक हुक सोडवून. वादळाला जमलं नाही ते — मी बांधलेलं छप्पर आहे ते, पत्र्याखालच्या लाकडी कैच्या माझ्या हातच्या, वारा येऊन कानाशी ओरडून गेला, एक पत्रा हलला नाही. माझं काम वादळाच्या नावावर चढवू नका. फोटो काढा हवा तर.

थांबा जरा. — नाही, काही नाही. आढ्याचा पत्रा चढवतायत ते समोर, त्याच्या घरावर. त्याचा जावई चढलाय. हुक उलटा घालतो तो, सांगितलं दोनदा. मीच चढलो असतो, तुम्ही हाक मारलीत म्हणून उतरलो. आभाळ बघताय ना?

कोण तो म्हणजे? शेजारी. लिंबूवाला. आता एकही झाड नाही, पण नाव राहिलं. त्याच्या बागेच्या कडेने, खालच्या ओढ्यापासून थेट माझ्या कुंपणापर्यंत, गवताची एक पट्टी आहे — ती बघा. दगड आणि काटे, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. या डोंगरावर रीत अशी, की उन्हाळा तापायच्या आत ज्याने त्याने आपल्या हद्दीतलं गवत कापून जमीन उघडी करायची, म्हणजे वणवा आला तरी पुढे सरकत नाही. ज्याची जमीन, त्याची मेहनत. तर सगळं जग जमीन माझी म्हणून भांडतं, आणि आम्ही दोघं भांडलो — तुझी म्हणून. तो म्हणे तुझी, मी म्हणे तुझी. माझी बायको म्हणाली होती, दोघं मिळून एका सकाळचं काम आहे, पण बोलायला तोंडं कमी आणि नाकं मोठी. सहा वर्षं कोणी कापलं नाही. सहा वर्षं बोलणंही नाही. पट्टी त्याचीच आहे. आजही सांगतो.

मग वणवा आला. कुठून येणार? तिथूनच. ओढ्याकडून चढला, वारा पाठीशी, सहा वर्षांचं वाळलेलं गवत, आणि वरच्या टोकाला माझं घर. त्याला काही धोका नव्हता, हे नीट लिहा. वारा सरळ वर. त्याचं घर बाजूला, बाग बाजूला, नुसता दारात बसला असता तरी त्याचं पान करपलं नसतं. माझी बायको आत खाटेवर. कमरेखाली जीव नव्हता तिचा. मी तिला चादरीत घेऊन उचलतोय, ती म्हणतेय तुम्ही जा, मी म्हणतोय गप्प बस — आणि खिडकीतून बघतो तर हा माझ्या कुंपणाशी उभा, हातात पेटता पलिता, आणि पट्टीला वरून आग लावतोय.

मला वाटलं, सूड घेतोय. तोंडाला येईल ते बोललो त्याला. आईवरून बोललो, बाई, तुमच्यासमोर सांगत नाही. त्याने मान वळवली नाही. पलिता टेकवत टेकवत पुढे गेला. ती आग खाली सरकली, मोठ्या आगीला भिडली, आणि दोघींना खायला काही उरलं नाही. जागच्या जागी विझल्या. माझं कुंपण तेवढं काळं झालं. पण खाली सरकताना ती आडवी पसरली, त्याच्या बागेत शिरली. लिंबाची झाडं, बापाने लावलेली. लावायच्या आधी ठाऊक होतं त्याला. ठाऊक असल्याशिवाय माणूस बागेकडे पाठ करून उभा राहत नाही.

त्यानंतर बायको चार वर्षं जगली. चार. रोज संध्याकाळी त्या काळ्या खुंटांकडे बघायची आणि म्हणायची, जाऊन एक शब्द बोला. गेलो नाही. काय बोलणार? गवत मात्र कापतो दरवर्षी. माझी पट्टी म्हणून नव्हे. वरून सुरू करतो, मध्यावर पोचतो, तर खालची अर्धी आधीच कापलेली असते. कोणी कापली, मी विचारलं नाही. — तिला नेलं त्या दिवशी तो पार फाटकापर्यंत आला होता. आत आला नाही. हे लिहू नका.

परवा त्याचे पत्रे गेले. ओढ्यात सापडले, कागदासारखे चुरगळलेले. बाजारात पत्रा नाही, तुमची सरकारी मदत येईल तेव्हा येईल, राग नको. आणि त्याच्या घरात लेकीचं पंधरा दिवसांचं पोर. मी गाडीवर माझे पत्रे घातले, त्याच्या अंगणात उतरवले. तो म्हणाला, “उचल ते. मला नकोत.”

मी म्हणालो, “तुझ्यासाठी आणलेच नाहीत. आत पोर आहे.”

“आणि तुझा कारखाना?”

“तू आग लावलीस तेव्हा मी विचारलं होतं, तुझ्या बागेचं काय?”

तो म्हणाला, “विचारलं नव्हतंस. शिव्या दिल्या होत्यास.” आणि शिडी धरली. दोन दिवस शिडी धरतोय. तेवढंच बोलणं.

ते राहू दे. नुकसान काही नाही माझं, शून्य लिहा. यंत्राला ताडपत्री आहे, मला छत्री आहे. — पडला बघा थेंब. तुमच्या कागदावर पडतोय, झाका. जोरात येणार आता. गप्प बसा जरा. ऐका. वाजतोय ना तिकडे, पत्र्यावर? कुठे गळत असेल तर ती लेक ओरडेल, थांबा.

नाही ओरडली.

फिटलं. निघा तुम्ही, भिजाल.