बंद केली की नाहीशी होणारी अँटेना

माझं लग्न एका ट्यूबलाइटपुढे ठरलं, खोटं वाटत असेल तर शर्वरीला विचारा. तेव्हा मी तारनाक्याच्या एका प्रयोगशाळेत प्लाझ्मा अँटेनावर काम करायचो. शर्वरीचे बाबा, नारायणगुड्याचे कुलकर्णी काका, मुलगा नक्की करतो काय ते बघायला तिला घेऊन थेट तिथेच आले. तिने मला आधीच बजावलं होतं, "बाबांना नौकरी पक्की वाटली पाहिजे, हां!"

टेबलाकडे बघून काका म्हणाले, "ही तर ट्यूबलाइट आहे."

"हौ काका, पण आतल्या गॅसला वीज दिली की त्याचा प्लाझ्मा होतो. तो तांब्याच्या दांडीसारखा मायक्रोवेव्ह लहरी पकडतो. वीज कमी-जास्त केली की अँटेनाही बदलते."

मी बटण दाबलं. नळी लुकलुकली आणि विझली. मी घाम पुसत तिला टपली मारली, तेव्हा कुठे पेटली.

"आमच्या न्हाणीघरातली पण अशीच आहे," काका म्हणाले.

"आता खरी गंमत बघा!" मी बटण बंद केलं. "आता इथे अँटेनाच नाही. रडारलासुद्धा सापडणार नाही."

काका गंभीर झाले. "म्हणजे दिवसभर राबून तुम्ही जे बनवता, ते बटण बंद केलं की नसतंच?"

शर्वरीने डोळे मिटून घेतले. मी तरी खोटं काय सांगणार? "नसतं, काका."

त्यांनी प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आबिड्सच्या सरकारी ऑफिसात मीही जन्मभर हेच केलं. रविवारी आईवडिलांना घेऊन या."