आनेकेची रजा

जर्मनीत रजा मागणाऱ्याला कारण विचारत नाहीत, पण माझी पुण्याची खोड काही जात नाही. आमच्या ड्युसेलडॉर्फच्या सॉफ्टवेअर टीममधली डच आनेके ऐन रिलीजच्या तोंडावर दोन आठवड्यांचा उरलाउब, म्हणजे रजा, मागायला आली.

"कशासाठी?"

"क्रिकेट."

मी हसलो. "अगं, आम्हीही दर रविवारी खेळतो. त्यासाठी कोणी रजा घेतं का? पुढच्या रविवारी ये, तुला एलबीडब्ल्यू समजावून सांगतो."

"पुढच्या रविवारी नाही जमणार," ती शांतपणे म्हणाली. "मी नेदरलँड्सकडून खेळते. त्या दिवशी भारताविरुद्ध मॅच आहे."

मी तिथल्या तिथे रजा मंजूर केली. त्या रविवारी आमचा खेळ सोडून मोबाइलवर तिची मॅच बघत बसलो. तिसऱ्याच ओव्हरला तिने भारताच्या ओपनरची विकेट काढली.

एलबीडब्ल्यू.