उजव्या हाताशी

सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर कालिंदीताई आपला नंबर यायची वाट बघत होत्या. डोळे मोबाईलवर होते, कान मात्र शेजारच्या बाकावर. तिथं गंगापूरकडच्या मनकर्णाबाई आणि त्यांची सून मोनिका बसल्या होत्या; मनकर्णाबाईंच्या नवऱ्याचा स्कॅन नुकताच झाला होता.

“आत्या, मामांच्या मेंदूतली गुठळी निघाली. पण आताच्या स्कॅनमधी, गुठळी काढताना शिरेतून सोडलेला रंग मेंदूत झिरपलेला दिसतोय.”

“रक्त तर नाय ना ते?”

“नाय. रंग कुठला, रक्त कुठलं, हे मशीन येगळं दाखवतं. पण रंग झिरपला तिथला भाग बहुतेक कामातून गेला, म्हणत्यात डॉक्टर. उजवा हात अवघड हाय.”

“बहुतेक म्हणले का नक्की?”

“बहुतेक.”

“मग नवऱ्याला फोन लाव तुझ्या. घरी पलंगाची तयारी कर म्हणावं.”

“केलीय त्यांनी. पाणी, घंटी, टीव्हीचा रिमोट, समदं डाव्या हाताशी ठिवलंय.”

“उचल म्हणावं. समदं उजवीकडं ठेव.”

“रिमोट घावला नाय तर मामा लई चिडतील.”

“चिडू दे. टीव्हीवरच्या कुस्तीची येळ झाली की रिमोटसाठी हात हलवतील.”

“अन् नाय हलला तर?”

“मी बसते की उजवीकडं. बटण मी दाबीन, पण बोट त्यांचंच धरून.”